शेजारणीच्या घराचा अहवाल

चाळीस वर्षं डूगल पेट्रीने क्रेलहेवन गावात टपाल वाटलं, पण परक्याचं पाकीट कधी उजेडापुढे धरून पाहिलं नाही. निरोपसमारंभात पोस्टमास्तरांनी हे मुद्दाम सांगितलं होतं. पुढे सत्तरीत त्याला जी बुद्धी झाली ती पोस्टमास्तरांच्या हयातीत झाली नाही, एवढंच बरं.

स्कॉटलंडात घर विकायचं तर आधी मालकाने पदरच्या पैशाने तपासनीस आणून घराचा अहवाल करून घ्यायचा, असा कायदा आहे. "कर म्हणायची लाज वाटते, म्हणून अहवाल म्हणतात," असं डूगल क्लबात रोज ऐकवी. पण बायकोचे, ऊनाचे, गुडघे जिना चढू देईनात, आणि मुलीच्या गावची तळमजल्यावरची जागा त्यांच्यासाठी महिनाभरच थांबणार होती. त्याने अहवाल करून घेतला. धुराड्याला तीनचा आकडा मिळाला. एक म्हणजे ठणठणीत, तीन म्हणजे लगेच दुरुस्त करा.

त्याच आठवड्यात जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहणाऱ्या एल्स्पेथ गोरलेनेही विक्रीची पाटी लावली. कुंपणावरून म्हणाली, "मला सगळीकडे एकच मिळालाय हो, डूगल!"

डूगलला जेवण गेलं नाही.

"धुराडं दोघांत एकच आहे, ऊना! माझ्या बाजूने पडायला आलं आणि तिच्या बाजूने ठणठणीत?"

"तिने तिची बाजू लिंपून घेतली. तू पाच वर्षं लिंपतो लिंपतो म्हणतोच आहेस."

तिचा अहवाल पाहिल्याशिवाय त्याला चैन पडेना. गिऱ्हाईक म्हणून नाव नोंदवलं की दलाल तो पाठवतो. डूगलने ऊनाचं माहेरचं आडनाव दिलं: मॉफॅट. अहवाल आला. किंमत त्याच्या घरापेक्षा पंधरा हजार पौंडांनी जास्त होती. पण खरं झोंबलं ते तपासनिसाचं एक वाक्य: 'घर प्रेमाने राखलेले आहे.' ते त्याने चारदा वाचलं.

तेवढ्यात दलालाचा फोन. "मॉफॅटसाहेब, आवडलं का घर?"

डूगल गडबडला. "हो, हो. फारच."

"मग उत्सुक आहात असं लिहितो."

"लिहा," म्हणून त्याने सुटका करून घेतली.

एका घरावर दोघांचा डोळा आहे म्हटलं की इथे बंद पाकिटातून बोली मागवतात. दहा दिवसांनी एल्स्पेथ बिस्किटांचा डबा घेऊन आली.

"गेलं माझं घर! मागितल्यापेक्षा अठरा हजार वर! आपली दोन्ही घरं बघून गेलेल्या त्या तरुण जोडप्याने घेतलं. खरं तर ती दोघं तुझ्याच घराकडे झुकली होती, धुराड्याचा खर्च वळता करून. पण कुणी मॉफॅट माझ्या घरामागे लागलाय म्हटल्यावर त्यांना तुझं नकोसंच झालं."

"मॉफॅट," ऊना म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"त्याचं पाकीट काही आलंच नाही. कोण होता देव जाणे. भला माणूस!"

महिना संपला, मुलीच्या गावची तळमजल्याची जागा दुसऱ्याने घेतली. बारा आठवडे उलटले तरी गिऱ्हाईक मिळेना, तसा डूगलचा अहवाल शिळा झाला आणि तपासनिसाला पुन्हा बोलवावं लागलं.

"पुन्हा पैसे! कर नाही तर काय हा?" डूगल करवादला.

ऊना कठड्याला धरून एकेक पायरी आडवी उतरत होती. मधेच थांबली.

"या खेपेची पावती मॉफॅटच्या नावाने घे," ती म्हणाली.