वीसपैकी शून्य

तीस वर्षं गणित शिकवून सरांनी काय कमावलं, तर एक टोपणनाव: भोपळेसर. शून्य द्यायला त्यांचा हात कधी आखडला नाही. मुलं हे नाव पाठीमागे घ्यायची. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

अशा माणसाला यंदा मोबाइलवर चाचणी घ्यावी लागली. प्रत्येक मुलाकडे काळ्या चौकटींचं एक कार्ड. त्याच्या चार कडांवर बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. सरांनी वर्गावरून फोन फिरवला की झालं, गुण हजर. घरी सुनेने त्यांना हे सात वेळा शिकवलं आणि सातव्यांदाही तिचा आवाज चढला नाही.

"बाबा, नुसते गुण बघून फोन ठेवू नका हं. खाली कोणी काय उत्तर दिलं त्याची यादी असते, तीही बघा."

"बघतो गं," सर म्हणाले, आणि अर्थातच कधी बघितली नाही.

वर्षअखेरची वीस प्रश्नांची चाचणी झाली. सरांनी बरोबर उत्तरं वाचून दाखवली. सतरावा प्रश्न तर अख्ख्या वर्गाचा चुकला. हुशार म्हणवणाऱ्यांनीही माती खाल्ली म्हणून सर चरफडले. आणि शेवटच्या बाकावरच्या 'नवी'ला वीसपैकी शून्य. ही मुलगी वर्षाच्या मध्येच शाळेत आली होती. तोंडी परीक्षेत मान खाली घालून उभी राहायची, ओठ म्हणून हलायचे नाहीत.

मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "यातही काही जमलं नाही, तर तिला याच वर्गात ठेवू. संध्याकाळपर्यंत सही करून द्या."

शिक्षकांच्या खोलीत सरांनी पेन उघडलं आणि थांबले. शून्याच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. डोळे मिटून कार्ड धरलं तरी चारातलं एक बरोबर येणार, म्हणजे विसात पाचेक. एकही बरोबर येऊ द्यायचं नाही, तर बरीचशी उत्तरं माहीत असायला हवीत!

मग त्यांनी सुनेने सांगितलेली यादी उघडली. जिथे अ हवा तिथे क. जिथे ब हवा तिथे ड. अठरा वेळा नेमकं उलटं.

सर जवळजवळ धावतच वर्गात गेले. "कार्ड धर बघू. उत्तर अ."

नवीने कार्ड धरलं. अ खाली, तिच्या छातीशी.

"असं कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. सांगितलं त्या दिवशी मी आजारी होते."

"मग विचारायचं नाही का?"

ती कार्डाची कड नखाने खरवडू लागली. "तुम्ही रागावता ना, सर."

सरांनी तिच्या हातातलं कार्ड अ वर येईल असं फिरवलं. त्यांना फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, सही करण्याआधी हे कळलं म्हणून इतकं बरं वाटलं, की जिन्यातच त्यांनी सुनेला फोन लावला. "तुझे उपकार झाले गं," म्हणाले. ती घाबरून विचारू लागली, "बाबा, तब्येत ठीक आहे ना?"

नवीचं पुढच्या वर्गात जाणं पक्कं झालं, कागदावर अठरा गुण घेऊन.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात जाहीर केलं, "यापुढे विचारणाऱ्यावर मी रागावणार नाही. रागावलो, तर भोपळा मला." मुलं एकमेकांकडे बघू लागली. म्हणजे सरांना ते नाव माहीत आहे!

शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. अर्धाच.

"सर, सतराव्याचं उत्तर अ कसं?"

सर फळ्यावर गणित सोडवू लागले. चौथ्या ओळीला खडू थांबला. उत्तर ब होतं. फोनमध्ये उत्तरं भरताना त्यांचंच बोट घसरलं होतं.

"तुम्हा सगळ्यांना कालच कळलं होतं?"

चाळीस माना हळूच हलल्या.

सरांनी फळ्यावर हातभर मोठं शून्य काढलं आणि खाली लिहिलं: भोपळेसर. हसू ओसरल्यावर ते शेवटच्या बाकापाशी गेले.

"एकोणीस," ते म्हणाले. "आणि बाळ, विचारलंस, फार बरं केलंस."