रेघेवरच्या पेशी

येसाजी इंगळ्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, त्यांचं रक्त राहत असे. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते कसनुसं हसत, आणि नाव कळलं की एकदम खुलून म्हणत, "हां हां, चव्वेचाळीस लाख!" एका थेंबाच्या बारीकशा अंशात तांबड्या पेशी किती, त्याचा तो आकडा. गवीपूर वस्तीतली शेजारपाजारची मंडळी या ओळखीला सरावली होती. परकं माणूस मात्र आपल्याला लॉटरी लागली की काय म्हणून बघत राही.

बेंगळुरूच्या एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात ते चौदा वर्षं रक्तपेशी मोजत होते. बारीक रेघांच्या चौकटी कोरलेल्या काचेवर पातळ केलेलं रक्त सोडायचं, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि चौकटीतल्या पेशी एकेक करून मोजायच्या. दिवसभर सगळा व्यवहार कन्नडमधून, पण मोजणी मराठीत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, घरच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं, पण आकडे तेवढे सोवळे राहिले होते. मोजताना कोणी हाक मारली तर ते नुसता डावा हात वर करत. मग खुद्द मोठे डॉक्टरही दारात थांबत.

पगार बेताचा, बढती नाहीच. कमावलं होतं ते नाव. दोन डॉक्टरांचा वाद झाला की तिसरा विचारी, "येसाजींनी मोजलंय का?" मोजलं असेल तर वाद मिटला. माणसाला असं काही मिळालं की ते तो जिवापाड जपतो, आणि त्यात गैर काही नाही.

सहासष्ट साली जहाजाने एक पेटी आली. पेटीत पेशी मोजायचं यंत्र. मिठाच्या पाण्यात पातळ केलेलं रक्त ते काचेच्या नळीच्या केसाएवढ्या भोकातून ओढून घेई, आणि एकेक पेशी भोकातून गेली की मोजून टाकी. येसाजींना पाऊण तास लागे तिथं याचं काम अर्ध्या मिनिटात उरके. त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पण मनात खट्टू झाले हेही खरं.

आणि यंत्र चुकू लागलं! येसाजींचे बेचाळीस लाख, तर यंत्राचे एकोणचाळीस. येसाजींचे सत्तेचाळीस, तर यंत्राचे चव्वेचाळीस. रोज, प्रत्येक नमुन्याला, शंभरात सहा-सात कमी. पाणी गाळून पाहिलं, भोक साफ केलं, तारा तपासल्या, फरक ढिम्म हलेना. विभागाचे प्रमुख डॉक्टर कृष्णमूर्ती शेवटी वैतागले. "यंत्रच सदोष आहे. येसाजी चुकणार नाहीत," असं म्हणून त्यांनी कंपनीला कडक पत्र टाइप करवून घेतलं. दुपारी चारच्या टपालानं ते जायचं होतं. बातमी विभागभर झाली. शिपायानं येसाजींचा हात हातात घेऊन म्हटलं, "अण्णा, मशीनला हरवलंत!" येसाजी लाजले, आणि मनातून सुखावले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते यंत्राबरोबर आलेलं पुस्तक चाळत बसले. इंग्रजी जेमतेम, म्हणून चित्रं पाहत होते. एका पानावर त्यांची रोजचीच चौकट छापलेली दिसली. हाताने मोजून पडताळा कसा घ्यावा, याचं ते चित्र. चौकटीच्या रेघांवर काही पेशी टेकलेल्या होत्या. वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या पेशींना बरोबरची खूण होती, खालच्या आणि उजव्या रेघेवरच्यांवर फुली. म्हणजे दोनच बाजूंच्या घ्यायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या. चारही घेतल्या तर शेजारच्या चौकटीतल्या पेशीही आपल्या हिशेबात येतात.

येसाजी चौदा वर्षं चारही बाजूंच्या मोजत आले होते. त्यांचे गुरू हणमंतराव लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात शिकलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रेघेला टेकली ती आपली. एकही सोडायची नाही." येसाजींनी एकही सोडली नव्हती. कामचुकार माणसाकडून ही चूक झालीच नसती!

त्यांनी सकाळचाच नमुना पुन्हा काचेवर घेतला. फुलीच्या पेशी सोडून मोजलं. एकोणचाळीस लाख. यंत्राचा आकडा.

डबा तसाच राहिला. कोणालाही कळलं नव्हतं. पत्र गेलं की यंत्र जाईल आणि येसाजींचं नाव राहील. अगदीच वाटलं तर हणमंतरावांवर ढकलता येईल. ते बिचारे वारले होते, उलटून बोलणार नव्हते. पण कपाटात तीनशे बारा कार्डं होती. गिरणी कामगारांच्या बायकांची दोन वर्षांची पाहणी. चाळीस लाखांच्या खाली आकडा आला तिला लोहाच्या गोळ्या, वर आला तिला "रक्त भरपूर आहे" म्हणून घरी. येसाजींना पुन्हा चेहरे आठवेनात. आकडे आठवले. एक्केचाळीस. बेचाळीस. साडेचाळीस.

पावणेचारला ते डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पुस्तकातलं चित्र रेघेवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "अहवालात हे लिहावं लागेल, येसाजी. तुमच्या नावानिशी."

"सरी, सर. लिहा."

"आणि माझ्याही. दोन वर्षांत मी एकदाही तुमच्या भिंगात डोकावलो नाही." त्यांनी पत्र फाडलं.

दोघांनी मिळून कार्डं सुधारली. अडतीस बायका चाळीस लाखांच्या रेघेखाली आल्या. निरोप धाडून बोलवावं, असं डॉक्टर म्हणाले. येसाजी म्हणाले, "मीच जातो."

त्या रविवारी सायकलला गोळ्यांची पिशवी अडकवून ते मागडी रोडच्या एका वठारात शिरले. एका अंगणाभोवती दहा खोल्या, मध्ये एक नळ. तानूबाई, निपाणीकडची, नळावर कळशी भरत होती. तिशीची असेल, पण कळशी उचलण्याआधी दोनदा दम घेत होती. दारात तिची सासू चंद्राबाई बसली होती.

येसाजींनी हळू आवाजात सुरुवात केली. "अक्का, गेल्या वर्षी इस्पितळात तुमचं रक्त मोजलं होतं. भरपूर आहे म्हणून सांगितलं. ते चुकलं. कमी होतं. या गोळ्या घ्या."

तानूबाईनं उचललेली कळशी पुन्हा खाली ठेवली. रागावेल, शिव्या घालेल, अशी तयारी करून येसाजी मान खाली घालून उभे होते.

"कमी हुतं?"

"हो. मीच मोजलं होतं. मीच चुकलो."

"मग अण्णा, जरा मोठ्यानं बोला की," ती म्हणाली. "आत्याबाईंस्नी ऐकू जाऊ दे. वरीसभर म्हणत्यात, डाक्टरनं सांगितलंय रगत भरपूर हाय, मग ही लोळती कशापायी."

येसाजींनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. ते अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "हिचं रक्त कमी होतं," ते मोठ्याने म्हणाले. "ही आळशी नव्हती. मोजणारा मी, येसाजी इंगळे. चूक माझी."

दारं उघडली. बायका बाहेर आल्या.

"आता कन्नडमधनं सांगा," तानूबाई म्हणाली. "ह्यास्नीबी ठावं हाय मी आळशी म्हणून."

येसाजींनी तेच सगळं, आपल्या नावासकट, कन्नडमधून पुन्हा सांगितलं. गुडघ्यावर हात टेकून चंद्राबाई उठली, नळाशी आली, आणि भरलेली कळशी उचलून घरात घेऊन गेली.