अकील ग्रेडरने आधी कोणती भाषा पेरली

पिंपळगाव राजाच्या अकील मन्सुरीला आमच्याकडे सगळे ग्रेडर म्हणतात. खामगावच्या एका जिनिंगात वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्याने कापसाची प्रत ठरवली. सख्ख्या सासऱ्याची कापसाची गाडी त्याने ओली म्हणून परतवून लावली होती. तेव्हापासून सासरी त्याच्या ताटात बिर्याणीतली हाडंच येतात.

मग दोन हजार सतरा साल आलं. बीटी कापूस खायचा नसतो हे गुलाबी बोंडअळीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने बोंडं आतून पोखरली आणि पुढच्या संक्रांतीलाच जिनिंग थंड पडलं. मालक माणिकराव शेठ म्हणाले, कापूस नाही तर ग्रेडर कशाला? पण कापसाच्या गाठी घेणारे व्यापारी आता आधी वेबसाइट पाहतात. पाडव्यापर्यंत ती उभी केलीस तर राहा, नाहीतर घरी बस.

अकीलला तेव्हा मेव्हण्याच्या फोटोला अंगठा देण्यापलीकडे काही येत नव्हतं.

पुण्यातल्या मावसभावाने, तौसिफने, फोनवर क्रम सांगितला. आधी एचटीएमएल, म्हणजे पानावर काय काय आहे ते. मग सीएसएस, म्हणजे ते दिसतं कसं. शेवटी जावास्क्रिप्ट, म्हणजे ते हलतं-डुलतं कसं. इतकं सोपं उत्तर एका दमात मिळालं, म्हणून अकीलला ते खोटं वाटलं. तो रामरावच्या कृषी केंद्रावर गेला. तिथल्या बाकावर कुणालाच यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी सल्ला दिला.

"सगळ्यात भारी कोणती हाये त्यातली?" रामरावने विचारलं.

"जावास्क्रिप्ट म्हणतात."

"मंग तेच पेर. हलकं बियाणं काऊन घेतं बे?"

बीटीच्या पाकिटासोबत साध्या सरकीची एक पुडी फुकट येते. ती कडेच्या ओळींत लावायची, अळीला तिथे चरू द्यायचं, म्हणजे ती बीटी पचवायला शिकत नाही. आमच्या गावाने ती पुडी वर्षानुवर्षं दुकानाच्या पायरीवरच फेकली. फुकटचं कोण पेरतो? अकीलने एचटीएमएलचं तेच केलं.

वजनकाट्याच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर तो महिनाभर जावास्क्रिप्टशी झटला. बेरीज बरोबर यायची, पण ती ठेवायला पानच नव्हतं. मग बाकावरून बातमी आली की सुलतानपुरात एकाने पायथन लावलंय, चांगलं उतरतंय. अकीलने पायथन धरलं. पुढच्या आठवड्यात पीएचपी. जूनमध्ये शेजाऱ्याची पिशवी बघून आम्ही वाण बदलतो, त्याच हुशारीने. पाडवा दहा दिवसांवर आला तेव्हा खुर्शीदाने, त्याच्या बायकोने, पोळ्या लाटता लाटता विचारलं की ती वेबसाइट दिसते कुठे. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो एका व्यापाऱ्याची वेबसाइट उघडून नुसताच बघत बसला. चकाचक पान, सरकणारे फोटो. आणि त्याचा उजवा हात खाजू लागला. गाडीवरचा वरचा कापूस नवरीसारखा नटवलेला असतो. ग्रेडर त्याच्याकडे बघतच नाही. खांद्यापर्यंत हात गाडीच्या पोटात घालतो आणि आतली मूठ उपसतो. अकीलने माउसचं उजवं बटण दाबलं आणि पानाचं पोट, म्हणजे मागचा कोड, उघडलं.

आत सगळी एचटीएमएलच भरलेली होती. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फोटो. रंगरूपाचं वर थोडंसं. सरकवणारं सामान अगदी तळाला, मूठभर. त्याने आयुष्यभर केलं तेच केलं, तिथल्या तिथे प्रत ठरवली. तौसिफचा माल खरा होता.

पाडव्याला पान तयार होतं. पांढऱ्यावर काळं, गाठींचे फोटो एकाखाली एक, दहाव्याच्या पत्रिकेसारखं. शेठने चष्मा पुसून पाहिलं.

"अकील, फोटो सरकत काऊन नाहीत?"

"सरकणारी तिसरी हाये, शेठ. पहिली झाली, दुसरी शिकून राह्यलो."

"अन् तिसरी कधी?"

"दुसरी पिकल्यावर."

शेठने बराच वेळ पान वरखाली केलं. त्यांचं नाव सगळ्यात वर होतं, ठळक.

"बरं," ते म्हणाले. "तोवर ऱ्हा."

तेव्हापासून अकील दुसरीवरच आहे. मेहनतीने शिकतो, पण सावकाश. तिसरीचा विषय कुणी काढला की त्याला चहाची आठवण होते.