फुगीर की खोलगट

कारखान्याच्या टूलरूममधले सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला वेल्डरही तसंच म्हणायचा. एकदा कामाच्या गडबडीत तिचा स्वतःचा नवराही तिला वहिनी म्हणून गेला होता, आणि त्यावरून आठवडाभर त्याची थट्टा झाली होती.

वहिनी सरफेस ग्राइंडर चालवायची. त्या मशीनवर दगडाचं चाक गरगरतं आणि खालच्या पोलादाचा केसाएवढा थर काढतं. जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, तिरका किंवा गोल आकार हवा असेल, तर आधी चाकालाच तसा आकार द्यावा लागतो. तो ड्रेसर नावाच्या अवजारात बसवलेल्या हिऱ्याच्या टोकाने कोरायचा. असं चाक फुटलं तर गोळीसारखं सुटतं, म्हणून वहिनीचे नियम पक्के होते. नवं चाक आधी लाकडी मुठीने वाजवायचं. ठण्ण वाजलं तर चांगलं, ठप्प वाजलं तर तडकलेलं. मग गार्ड लावायचं, चष्मा चढवायचा, "बाजूला व्हा!" म्हणून ओरडायचं आणि चाक एक मिनिट नुसतंच फिरू द्यायचं. तोवर समोर कुणीही उभं राहायचं नाही.

कारखान्यात हे शहाणपण होतं. घरी मात्र त्याचा वैताग व्हायचा, कारण मिक्सरसुद्धा फिरतोच.

त्या रविवारी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे नवऱ्याचे दाजी, घरी आले होते. फळांचा रस काढायला वहिनीने नवाकोरा मिक्सर काढला, भांडं टिचकीने वाजवून बघितलं आणि हुकूम सोडला, "सगळे दाराआड व्हा. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही."

दाजी आज्ञाधारक. ते दाराआड झाले आणि त्यांचा पाय फरशी पुसायच्या बादलीत गेला. हलायचं नाही म्हटल्यावर ते हलले नाहीत. मिनिटभर एक पाय बादलीत ठेवून, हात जोडल्यासारखे उभे राहिले. मिक्सर थांबल्यावर नणंदेने ते ध्यान पाहिलं, आणि "माझ्या नवऱ्याची ही किंमत?" म्हणत ती रस न पिताच निघाली. दाजी चपक चपक करत तिच्या मागोमाग गेले.

नवऱ्याने अबोला धरला. आता एका घरातला अबोला निभतो, पण नवरा त्याच टूलरूमचा स्टोअरकीपर! हिऱ्यापासून हातमोज्यापर्यंत सगळं त्याच्या खिडकीतून मिळायचं.

सोमवारी पत्रा दाबून आकार देणारा एक पोलादी पंच आला. त्याच्या माथ्याला गोलाई द्यायची होती. पंच वहिनीकडे पोचला, पण ड्रॉइंग राहिलं नवऱ्याच्या टेबलावर. मध्यस्थ म्हणून फोरमन मिळाला. फोरमनचं टोपणनाव भोंगा. तो कुजबुजला तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं.

"त्यांच्याकडून गोलाईचा ड्रेसर आणा," वहिनी म्हणाली.

भोंगा खिडकीशी गेला. तिथूनच त्याची आरोळी आली, "वहिनी! भाऊ म्हणतात, ड्रेसर देतो, पण आधी ताईची माफी मागा म्हणावं!"

लेथ थांबले. वेल्डरने मुखवटा वर केला.

"त्यांना सांगा, हे स्टोअर आहे, कोर्ट नाही!"

ड्रेसर आला. वहिनीने तो मशीनच्या टेबलावरच्या, जॉब धरून ठेवणाऱ्या मॅग्नेटवर ठेवला, मॅग्नेट चालू केला आणि हाताने हिसका देऊन घट्ट बसलाय याची खात्री केली. चाक बंदच होतं. हिऱ्याचं टोक ड्रेसरच्या मध्याच्या पुढे काढलं तर चाकाची कड खोलगट कोरली जाते, मागे ठेवलं तर फुगीर. यातलं कुठलं हवं ते ड्रॉइंगवर होतं.

"विचारा त्यांना," ती भोंग्याला म्हणाली, "फुगीर की खोलगट?"

भोंग्याने वाटेत वाक्याला जरा पॉलिश केलं. "भाऊ, वहिनी विचारतात, अजून फुगलेलंच आहे का?"

नवऱ्याने गाल चाचपले. "सांगा तिला! फुगलेलं आहे आणि फुगलेलंच राहणार!"

"फुगीर!" भोंगा गरजला.

वहिनीने हिरा मागे घेऊन पक्का केला. चष्मा लावला, धूळ उडू नये म्हणून पाणी सोडलं, लोकांना बाजूला केलं. मिनिट झाल्यावर चाक थोडं थोडं खाली आणत, बोटं लांब ठेवून, ड्रेसरचा दांडा सावकाश डावीउजवीकडे फिरवला. चाक कसं गोंडस, फुगीर झालं. मग नेहमीप्रमाणे तिने आधी भंगारातल्या तुकड्यावर चालवून पाहिलं. तुकड्याला पन्हाळ पडली. पंचाच्या माथ्याला पन्हाळ कशाला हवी, अशी तिला शंका आली.

तिने मशीन बंद केलं, चाक पूर्ण थांबू दिलं आणि तुकडा घेऊन तरातरा खिडकीवर गेली.

"फुगलेलं काय होतं, अहो?"

"माझं तोंड! दुसरं काय?" नवरा म्हणाला, आणि बोलून बसलो हे लक्षात येऊन त्याने तोंड मिटलं. ते पुन्हा फुगलं.

"मी चाकाचं विचारत होते!"

त्याने ड्रॉइंग पाहिलं, तुकडा पाहिला. "म्हणजे माझ्या तोंडाच्या मापाने तू चाक कोरलंस?"

आधी वहिनीला हसू फुटलं, मग त्याला. भोंगा तर इतका हसला की वॉचमन गेट सोडून आत आला. जॉब वाचला होता, चाकाची तेवढी कड गेली होती. वहिनीने हिरा पुढे काढून खोलगट कोरलं, आणि संध्याकाळपर्यंत पंचाचा माथा झकास गोल झाला. नवऱ्याला मात्र त्या दिवसापासून सगळे फुगीरभाऊ म्हणू लागले.

पुढच्या रविवारी दोघं नणंदेकडे गेले. वहिनीने माफी मागितली. नणंद आढ्याकडे बघत बसली. शेवटी दाजीच बोलले.

"अगं, राग कसला धरतेस? लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून इतकं ओरडणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं."

नणंद ताडकन वळली. "म्हणजे? मी ओरडत नाही?"

"ओरडतेस गं," दाजी म्हणाले, "पण कारण वेगळं असतं."

आता अबोला त्या घरात सुरू झाला.