तीन हॉटेलांतला जानवसा

भुताखेतांच्या बातम्या मी आयुष्यभर कापत आलो. नागपूरच्या एका दैनिकात पंचवीसेक वर्षं डेस्कवर काढली. जिल्ह्यातून दर थोड्या दिवसांनी 'विहिरीतून आवाज', 'शाळेत सावली' असं काहीतरी यायचं आणि मी एकच विचारायचो – पाहिलं कोणी, नाव काय? 'गावकरी म्हणतात' एवढंच उत्तर आलं की बातमी टोपलीत. तो नियम मला आजही मान्य आहे. म्हणून खाली कोणी काय पाहिलं आणि कोणी काय ऐकलं, इतकंच लिहितोय.

आणि हे रागात लिहितोय. तो लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात रायपूरला माझ्या भाचीचं, मृणालचं लग्न झालं. माझी बहीण कुंदा तिथेच ब्राह्मणपाऱ्यात राहते. मेहुणे रेल्वेत होते, काही वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे मुलीकडची सगळी जबाबदारी मामाची, म्हणजे माझी. मुलाकडचे अकोल्याचे. आमच्याकडे वऱ्हाडाच्या उतरण्याची सोय, म्हणजे जानवसा, मुलीकडच्यांनी करायची असते. सगळं वऱ्हाड एका छपराखाली उतरतं आणि तिथूनच नवरदेव वाजतगाजत कार्यालयात येतो. जेवणात मीठ कमी पडलं तर लोक विसरतात, जानवसा चुकला तर नातवंडांनाही सांगतात.

कुंदा म्हणाली होती, बूढ़ापाऱ्यात तलावाजवळ एक बरं हॉटेल पाहा. मी म्हटलं, माझ्यावर सोड.

इथे मी ज्या साइटवरून हॉटेलं ठरवतो तिच्याबद्दल सांगायला हवं. तुम्ही शहर निवडता, भाग निवडता, किती तारे हवेत ते सांगता आणि आपला भाव बोलता. हॉटेलचं नाव मात्र दिसत नाही. एखाद्या हॉटेलनं तुमचा भाव मान्य केला की आधी कार्डातून पैसे कापले जातात, मग नाव उघडतं. रद्द करणं नाही, बदलणं नाही. मी कित्येक वर्षं असाच फिरलो. भोपाळ, पुणे, विशाखापट्टणम... दर वेळी चांगलीच खोली मिळाली, आणि मी ते चारचौघांत ऐकवलंही आहे.

पण एका बोलीत दहा खोल्या मिळत नाहीत. मी तीन बोल्या लावल्या. भाग एकच – 'रायपूर शहर'. तिन्ही मान्य झाल्या आणि तीन वेगळी नावं उघडली. एक हॉटेल बूढ़ापाऱ्यात, दुसरं स्टेशनजवळ आणि तिसरं शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे रोलिंग मिलचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि झाडांची पानं काळी असतात. साइटच्या हिशेबात तेही 'रायपूर शहर'च.

मी हेल्पलाइनला फोन केला. नियम वाचून दाखवण्यात आले. लग्नसराई होती, एका जागी दहा खोल्या द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"एक हॉटेल सांगतलं होतं मी तुले, भाऊ," कुंदा म्हणाली. "एक. तू काय लॉटरी खेळून राहिला काय माह्या पोरीच्या लग्नात?"

मुलाच्या मामांना, अशोकरावांना, मीच फोन करून सांगितलं. त्यांनी तिन्ही हॉटेलांची नावं लिहून घेतली. मग म्हणाले, "बरं. रायपूरले पद्धत बदलली असंन."

लग्नाच्या आदल्या सकाळी वऱ्हाड गाडीतून उतरलं आणि तीन गाड्यांत बसून तीन दिशांना गेलं. इकडे कार्यालयात मृणालला हळद लागत होती. मी समोरून जाताना तिनं ओल्या हळदीचा हात माझ्या झब्ब्याच्या खांद्यावर उमटवला. "मामा, आता तुम्हीपण तयार." ती हिंदी-मराठी मिसळून बोलते, तशीच हसते. झब्बा बदलायचा राहून गेला.

पहिला फोन बूढ़ापाऱ्यातून अशोकरावांचा आला.

"भाऊसाहेब, हा म्हणते बुकिंग नाही."

मागून काउंटरवरच्या माणसाचा आवाज ऐकू येत होता. "ऑनलाइन वाला मेल नहीं आया भैया. रूम फुल है."

हा प्रकार मला माहीत होता. ऐन सीझनमध्ये दारात उभं गिऱ्हाईक दुप्पट भाव देतं, म्हणून आधी स्वस्तात विकलेली खोली 'फुल' होते. प्रवाशाला साइटकडे पाठवायचं, साइट त्याला हॉटेलकडे पाठवते. यात खोटं बोलणाऱ्याला काहीही होत नाही. मी अशा बातम्या छापल्या आहेत, आतल्या पानावर, एक कॉलम.

मी हेल्पलाइन लावली. तेवढ्यात कुंदाच्या फोनवर स्टेशनजवळून नवरदेवाच्या चुलतभावांचा फोन – इथंही नाही म्हणतात. आणि लगेच उरल्याच्या रस्त्यावरून. तिथे नवरदेवाची आत्या, सिंधूआत्या, नवऱ्यासोबत बॅगांवर बसलेली होती. "ट्रकची धूळ खाऊन राहिलो आम्ही," आत्याचे यजमान म्हणाले. "बाथरूमलेही जाऊ देत नाही हो हा."

मी उठलो. आणि पुन्हा बसलो. कुठे जाणार होतो? बूढ़ापारा चालत जाण्याएवढा जवळ, पण आत्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला एकाच वेळी तिन्ही काउंटरवर उभं राहायचं होतं.

अशोकरावांचा पुन्हा फोन. "चार वाजताची गाडी पाहून ठेवली मी परतीची. सांगून ठेवतो. मंग नका म्हणू."

कुंदानं ते ऐकलं. स्पीकर चालू होता. तिनं भिंतीपलीकडे मृणालच्या मैत्रिणी गात होत्या तिकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

आम्ही दोघंच होतो त्या खोलीत. मांडायचं राहिलेलं रुखवत भोवती पडलं होतं, साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीची बदकं, आणि त्यांच्या मध्ये मी फोन हातात धरून. आधी संगीत. मग एक मुलगी, "सर, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ." मग पुन्हा संगीत.

मी आवाज चढवत नाही. कधीच नाही. डेस्कवर आरडाओरडा करणारे खूप पाहिले, त्यांच्याच पानात चुका जास्त असायच्या. मी त्या काउंटरवरच्या माणसाला काय म्हणेन ते मनात जुळवत होतो. पहिलं वाक्य असं झालं – कमरा आपने बेच दिया है, पैसा ले लिया है, अब वो आपका नहीं, हमारा है, चाबी दीजिए. लांब होतं. सवयीनं कापलं – बिका हुआ कमरा आपका नहीं, हमारा है, चाबी दीजिए. तेही कापलं. कमरा हमारा है. चाबी.

आणखी एक वाक्य मनात आलं. ते काउंटरवरच्यासाठी नव्हतं आणि ते मी कापलं नाही. एक रात्र वेगळ्या छपराखाली झोपावं लागलं तर परतीची गाडी पाहतात, असल्या माणसांत आमची पोर आयुष्य काढणार?

हेल्पलाइन कट झाली. मी फोन बदकांच्या मध्ये ठेवला. कानशिलं तापलेली होती ती एकाएकी थंड पडली. ताप उतरल्यावर होतं तसं अंग हलकं झालं. कुंदा विचारत होती, "काय म्हणते? भाऊ? काय म्हणते ते?" मला तिचा आवाज ऐकू येत होता. उत्तर द्यावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

मग फोन वाजला. अशोकराव.

"भाऊसाहेब! मानलं तुम्हाले. भेटल्या खोल्या. पण थांबायचं न हो चहा घ्याले. असे काहून निघून गेले?"

मी म्हटलं, कोण?

"कोण म्हणजे? बाप्पा, एवढं बोलले त्याले, आता कोण म्हणून राहिले?" ते हसत होते. सकाळपासून पहिल्यांदा.

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच चुलतभावांचा. "मामाजी, क्या झाडा आपने! मॅनेजरची बोलती बंद." आणि मग कुंदाच्या फोनवर उरल्याहून आत्याच्या यजमानांचा. खोली मिळाली, गरम पाणी आहे, फक्त तुमच्या भावाले म्हणा ब्लडप्रेशरची गोळी घ्या.

कुंदानं तिन्ही फोन ऐकले. मग माझ्याकडे पाहिलं. "तू तर इथंच आहे," ती म्हणाली.

या तिन्ही ठिकाणच्या लोकांनी मला साखरपुड्यात पाहिलं होतं. अशोकराव तर माझ्या शेजारी जेवले होते. ओळखण्यात एकाची चूक होईल, तिघांची कशी? आणि बूढ़ापाऱ्याहून उरल्याला त्या रहदारीत कोणीही तेवढ्या वेळात पोचत नाही.

सीमांतपूजनाला मी झब्बा बदलून गेलो. स्टेशनजवळ उतरलेली पोरं कोपऱ्यात माझी नक्कल करत होती. काउंटरवर हात आपटायचा आणि म्हणायचं, "बिका हुआ कमरा आपका नहीं, हमारा है!" मी जवळ जाऊन विचारलं, नेमकं असंच म्हटलं होतं? "हो मामाजी. हेच."

ते मधलं वाक्य होतं. मी ते कोणासमोर उच्चारलं नव्हतं. कुंदासमोरही नाही.

लग्नाच्या दिवशी मी अंतरपाटाआड मृणालच्या मागे उभा होतो आणि डोक्यात अक्षतांऐवजी ते वाक्य होतं. दुपारी जेवणं झाल्यावर बूढ़ापाऱ्यातल्या हॉटेलात गेलो. काउंटरवरचा माणूस मला पाहून उभाच राहिला.

"सर, आज मत चिल्लाइए. सब रूम दे दिया है आपको."

मी शांतपणे विचारलं, काल इथे कोण आलं होतं?

"मज़ाक कर रहे हैं?" त्याचा चेहरा चिडका झाला. "पूरे स्टाफ के सामने बोले – कमरा बेच दिया, पैसा ले लिया, अब वो आपका नहीं. हम कोई चोर हैं क्या?"

"हव, चोर हो," मी म्हणालो. तेवढंच मी स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं. कॅमेरा होता, पण तो पार्किंगकडे तोंड करून. तिथून टॅक्सी करून उरल्याच्या रस्त्यावर गेलो. तिथल्या काउंटरवरच्या पितळी घंटीचं वरचं बटण आत गेलेलं होतं.

"आपकी मेहरबानी है," मॅनेजर म्हणाला. "नई मँगा ली है. आपसे पैसा नहीं माँगेंगे, आप बस दोबारा मत आना."

मी काय म्हणालो होतो, ते त्याला विचारलं. त्यानं घंटी उचलून काउंटरखाली ठेवली. "ज़्यादा कुछ नहीं. कमरा हमारा है, चाबी. बस."

तीन काउंटर, तीन मसुदे, मी कापले त्याच क्रमानं.

त्या संध्याकाळी पाठवणी झाली. कुंदा मृणालला सोडत नव्हती. सिंधूआत्या गर्दीतून माझ्याकडे आल्या, मला जरा बाजूला घेतलं. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, नऊवारीत. आवाज खाली आणला.

"भाऊ, तुम्ही तिथं त्या मॅनेजरले बोलले ते बोलले. पण जाता जाता जे म्हटलं न... असल्या माणसांत आमची पोर आयुष्य काढणार, ते मी ऐकलं. यजमानाले ऐकू येत नाही कमी आवाजातलं. मी कोणाले सांगतलं नाही."

मी कुंदाला बिलगलेल्या मृणालकडे पाहिलं.

"राग नाही आला मले. माह्या बापानं असं म्हटलं असतं तं बरं झालं असतं. खांद्यावर तुमच्या हळदीचा हात होता. पोरीचाच न? मी तवाच समजलो, हा माणूस भांडाले नाही आला." त्यांनी माझा हात धरला. "मी अन् यजमान भावाकडंच, त्याच घरात राहतो. तिच्यावर कोणी आवाज चढवला तं आधी माह्याशी गाठ आहे. माहा शब्द आहे तुम्हाले."

तो झब्बा मी सीमांतपूजनाआधीच उतरवला होता. वऱ्हाडापैकी कोणीही मला त्या झब्ब्यात पाहिलेलं नव्हतं.

साइटला मी तक्रार केली, पुराव्यांसह. उत्तर आलं की हॉटेलांच्या नोंदीनुसार पाहुण्यांना तिन्ही ठिकाणी खोल्या मिळाल्या, तक्रार बंद. त्यांच्या दृष्टीनं खरंच आहे. या उत्तराचा मला अजून संताप आहे. ज्यांनी बहिणीला बंद दाराआड रडू दाबायला लावलं ते सगळे काउंटर आज चालू आहेत, या सीझनमध्येही कोणीतरी बॅगांवर बसलेलं असेल. डॉक्टर मित्राला विचारलं, एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. दोघांनी सौम्यपणे सुचवलं की मी गेलोच असेन आणि विसरलो असेन. कुंदा तेवढी ठाम आहे. "माह्यासमोर बसला होता तू. पण डोळे कुठं होते तुह्ये, ते मले नको विचारू." माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. ही बातमी दुसऱ्या कोणी पाठवली असती तर मी टोपलीत टाकली असती.

मृणालचा आठवड्याला फोन येतो. परवा म्हणाली, "मामा, घरात कोणी मुझ पे ज़रा ज़ोर से बोललं ना, की आत्या लगेच मध्ये येते. म्हणते, हिच्या मामाले शब्द दिला आहे, तो माणूस लय रागीट आहे. मी सांगते, अहो, माझा मामा कभी चिल्लाया ही नहीं. ती हसते नुसती."

मी म्हटलं, आत्याला नमस्कार सांग.

त्या सकाळी आत्यांसमोर उभा होता तो मी नव्हतो, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. खरं छापायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पण सांगितलं, तर मृणालला सांभाळणारा तो शब्द त्यांनी कोणाला दिला होता, आणि तो पाळायचा कोणासाठी?