एकसष्टाव्या पानावरचा बैल

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासरवाडीला तीन नवी पुस्तकं भेट दिली. त्यातून बैल वाचला. माझी अब्रू वाचली नाही.

मी तेव्हा शहाद्याच्या शाळेत मास्तर होतो. सासर शेजारच्याच लोणखेड्याचं. घरात प्रत्येकाच्या आवडीचं एकेक पुस्तक असावं, अशी माझी फार थोर कल्पना! सासऱ्यांसाठी, म्हणजे मामांसाठी, गुरांच्या रोगांवरचं. सासूबाईंसाठी, म्हणजे मामींसाठी, लोणच्या-मुरंब्यांचं. आणि बायकोसाठी, यमुनेसाठी, एक ताजी सामाजिक कादंबरी. (मामा-मामींना वाचता येत नव्हतं. पण वाचून दाखवायला जावई होता ना!)

पुण्याहून आलेलं पार्सल मी नंदुरबार स्टेशनावर सोडवून घेतलं आणि बैलगाडीनं निघालो. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडताना मला पुस्तकांची काळजी वाटायला लागली. मी खोकं डोक्यावर घेऊन पाण्यात उतरलो.

"मास्तर, खोकं गाडीमा ऱ्हाऊ द्या!" गाडीवान ओरडला.

"तुला पुस्तकांची किंमत कळायची नाही!" असं म्हणून मी दुसरं पाऊल टाकलं ते शेवाळलेल्या दगडावर. मी, खोकं आणि विद्या, तिघंही एकदम बुडालो.

बाहेर काढल्यावर गाडीवान एवढंच म्हणाला, "गाडीमा ते थेंबभर पानी बी नै उनं, मास्तर."

घरी आल्यावर बघतो तर बांधणी सुटलेली, पानं मोकळी झालेली. मी ती घराच्या सपाट धाब्यावर वाळत घातली आणि वर खडे ठेवले. दुपारी वावटळ आली. खडे तेवढे जागेवर राहिले!

यमुना अंगणातून पानं गोळा करत म्हणाली, "मी वाची वाचीसन लावू का?"

"तू राहू दे," मी म्हणालो. "हे शिकलेल्या माणसाचं काम आहे." (ती मराठी चौथी पास होती, पहिल्या नंबरानं. मी दुसऱ्या खेपेला.)

तिन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच तऱ्हेच्या टायपाची. पहिली साठ पानं मी अगदी वाचून वाचून लावली. मग आमरसाचं जेवण झालं आणि डोळे जड झाले. तेव्हा मला एक सोपी युक्ती सुचली. प्रत्येक आकड्याची तीन पानं, आणि गठ्ठेही तीन. एकेक पान एकेका गठ्ठ्यात टाकलं की आकडे ओळीनं लागतात! लागलेही.

बांधणी करणारे करीमचाचा मोठे सज्जन. म्हणाले, "मास्तरसाब, एकदा वाची ल्या. मी आकडा वयखस, अक्षर नै."

"आकडे बरोबर आहेत ना? मग शिवा!"

रविवारी आम्ही लोणखेड्याला पुस्तकं घेऊन पोचलो, तर दारात ही गर्दी. मामांचा लाडका बैल राजा लसूणघासात घुसून भरमसाट खाऊन आला होता. पोट टम्म फुगलेलं, मान खाली, श्वास जोरात. मामांचा चेहरा मला बघवेना. तो बैल त्यांनी वासराचा मोठा केला होता.

"मामा, घाबरू नका!" मी पुस्तक उपसलं. सगळं गाव भोवती उभं राहिलं. यमुना आपली कादंबरी घेऊन घरात गेली.

मी खड्या आवाजात वाचू लागलो. "'पोटफुगीत जनावराची डावी कूस ढोलकीसारखी वाजते. अशा वेळी विलंब न करता...'" इथं साठावं पान संपलं. मी एकसष्टावं घेतलं. "'...पावशेर मोहरी फेसून घ्यावी. तेल तापवून निवू द्यावे. त्यात हिंग, मेथी व मीठ कालवावे.'"

"मेथी बी?" मामींनी विचारलं.

"छापलेलं आहे, मामी!"

कालवलं आणि बांबूच्या नळीनं राजाच्या घशात ओतलं. सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. मी आवाज आणखी चढवला. "'नंतर तोंड स्वच्छ फडक्याने घट्ट बांधून तीन दिवस उन्हात ठेवावे.'"

"तीन दिन?" मामा दचकले. "मंग तो खाई काय?"

"मामा, शास्त्र आहे हे!"

बिचाऱ्यांनी स्वतःचं धुतलेलं उपरणं आणलं. मी पुढं वाचलं, "'रोज सकाळी लाकडी पळीने ढवळावे.'"

मग गर्दीतून एक बारीक आवाज आला, "बैलले?"

"आवो थांबा!" मामी पुढं धावल्या. "हाई ते कैरीनं लोणचं शे!"

चूक सावरायला मी घाईनं पान उलटलं आणि डोळे मिटल्यासारखं वाचून टाकलं, "'त्याने तिचा कोमल हात हाती घेतला व म्हणाला, प्राणप्रिये, तुझ्यावाचून मी...'"

मामांनी एकदा राजाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "जवाई, हाई मी म्हणानं, का तुम्ही म्हणशात?"

तेवढ्यात यमुना कादंबरी नाचवत बाहेर आली. "आवो, हाई काय शे? नायकनी तिन्हा गळामा हात टाका, पान उलटं, ते तिन्हा खुरेसले डांबर लाई ऱ्हायना!"

हसून हसून लोक जमिनीवर बसले. आणि त्याच गोंधळात राजानं ढेकर दिली. साधीसुधी नाही, तोफेसारखी! मग दुसरी, मग तिसरी. पोट उतरू लागलं. तेल आणि हिंग, कुठल्या का पानावरचं असेना, पोटात गेलं होतं! मामांनी राजाच्या गळ्याला मिठी मारली. डोळे पुसत मला म्हणाले, "जवाई, तुम्हनं चुकनं, पन मन्हा राजा वाचना." मला खरोखर भरून आलं.

यमुनेनं दोन दिवसांत सगळी पानं वाचून लावली. करीमचाचांनी न हसता पुन्हा शिवली. (त्यांची दाढी मात्र हलत होती.)

पण बातमीला पाय फुटले. पंधरवड्यानं अक्कलकुव्याकडचा एक शेतकरी आमच्या दारात आला. त्याची म्हैस पोट फुगून गाडीत पडली होती. "पुस्तक वाचीसन ढोर बरं करतस, ते घर हाईच का?"

माझी छाती फुगली. मी कोट चढवला, चष्मा पुसला आणि फडताळातून पुस्तक काढलं. "या, बसा. लक्षणं सांगा."

तो बसला नाही. माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाला, "तुम्ही मास्तर ना? मंग तुम्ही नका उठू. बाईले बलावा. मन्ही म्हैस आते जगाले पाहिजे."

मी कोट काढून खुंटीला लावला आणि यमुनेला हाक मारली. ती हाक मात्र मला पहिल्या खेपेलाच बरोबर जमली.