न मागितलेली क्लिप

माझी नात तिसरीत आहे. शाळेतून रोज काहीतरी हरवून यायची, कधी पेन्सिल, कधी खोडरबर. विचारलं तर गप्प. शेवटी शाळेनं सांगितलं, हिच्या लक्षात काही राहत नाही, तपासून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी वेगळ्या शाळेत घाला. सून कामावर होती, म्हणून धरमपेठेतल्या दवाखान्यात मी नेलं. मी चौथी शिकलेली. लक्षात राहणंही तपासतात, हे मला नवीन होतं.

तपासणाऱ्या मॅडमनी आधी तिच्या केसांतली लाल क्लिप काढून तिच्यादेखत कपाटात ठेवली. म्हणाल्या, "घंटी वाजली की माझ्याकडून मागून घ्यायची." मग गोष्ट सांगितली, फोटो दाखवले, प्रश्न विचारले. पोर हळू आवाजात बरोबर सांगत होती. घंटी वाजली. पोर खाली पाहत बसली. मॅडमनी जरा वाट पाहिली आणि कागदावर लिहिलं.

"पाहिलं ना आजी? रोजच्या साध्या गोष्टी विसरते."

जिन्यात मी तिला धरलं. "काहून वं, एक क्लिप मागाची ध्यानात नाई रायली?"

"होती ना. खालच्या खणात, पांढऱ्या डब्याच्या मागे."

"मंग मागितली काहून नाई?"

"तूच म्हणते, कोणी काही नेलं तं मागू नोको, लोक भिकारडं म्हणतात."

"मी कधी म्हणलं?"

"आत्याच्या पोरानं माही बाटली नेली तवा. तू सांडगे घालून राहिली होती. मी रडली, तं आत्या हसली."

सगळं खरं होतं, आणि मी ते साफ विसरले होते. मग पेन्सिली कोणी कोणी नेल्या, तेही तिनं सांगितलं. एकही हरवली नव्हती.

मी तिला परत वर नेलं. दारात ती बराच वेळ उभी राहिली. मी मध्ये बोलले नाही.

"मॅडम, माझी क्लिप द्या."

मॅडमनी क्लिप दिली. जिन्यात काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी मघाचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "शाळेला आत्ता काही कळवत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा."

आटोत बसल्यावर पोर म्हणाली, "आजी, आत्याले फोन लाव."

"कायले?"

"बाटली मागाले."

आत्या म्हणजे माझीच लेक. तिला राग येणार हे मला माहीत होतं. मी फोन लावला आणि पोरीच्या हातात दिला.